गालिच्याची पाठ

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे, आणि मी जन्मापासून भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्याकडे पाहून ते कोणाच्या ध्यानात येणार नाही. माझा रंग गडद तांबडा आहे. मधोमध निळे कमळ आहे, आणि चारी कडांनी पानांची एक वेल फिरली आहे. घरी आलेली माणसे खाली बघतात, म्हणतात, "काय थाट आहे हो तुमच्याकडे," आणि बोलण्याच्या नादात माझ्यावरच उभी राहतात. हा थाट माझ्या तोंडावर असतो. भीती मात्र पाठीत राहते, आणि पाठ कोणी बघत नाही.

जमिनीवर पडून राहणाऱ्याला भिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, ज्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही आणि स्वतःची पाठ खाजवता येत नाही, त्याने भ्यायचे नाही तर कोणी भ्यायचे?

मला दोघी जावांनी विणले. एका खिडकीशी उभा माग होता, त्यावर सुताचे उभे धागे ताणलेले होते, आणि त्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारून त्या मला खालून वर वाढवत होत्या. थोरली रंग सांगायची, धाकटी गाठ मारायची. दोघींचा एरवी अबोला होता. पण रंग सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नसे, म्हणून त्यांचे सगळे भांडण रंगांच्या मधल्या जागेत चाले.

"दोन लाल. एक काळा. तुझा लेक आज परत माझ्या चपला घालून गेला."

"मारले दोन लाल. सांगते त्याला."

"तीन निळे. कालही सांगणार होतीस."

लोकर रंगवणारा म्हातारा एकदा काळ्या लडी घेऊन आला. प्रत्येक पानाभोवती काळी रेघ हवी होती. तो म्हणाला, "ह्या काळ्यात लोखंडाचं पाणी आहे, बरं का. हा रंग पुढे लोकर खातो."

"पुढे म्हणजे कधी?" थोरलीने विचारले.

"तुम्ही-आम्ही नसू तेव्हा."

"मग खाऊ दे. दोन लाल, एक काळा."

धाकटी हसली. मला हसू आले नाही. मी तेव्हा कमरेइतकाच विणून झालो होतो, आणि मला खाणारी वस्तू माझ्याच अंगात घालण्यात येत होती. माझी पहिली भीती ती. दुसरी कात्रीची. विणकाम संपल्यावर मला आडवा घालून माझी लव, म्हणजे वरची उभी लोकर, लांब पात्याच्या कात्रीने सारखी कापण्यात आली. ती कात्री माझ्या अंगावरून कमळापर्यंत कच-कच करत गेली, तेव्हा ती कुठे थांबणार आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

पुढची पुष्कळ वर्षे मी एका वकिलाच्या बैठकीत काढली. तिथे माझे बरे चालले. घरकाम करणारी एक बाई वर्षातून दोनदा मला दोरीवर टाकून पाठीकडून झोडपे, ऊन दाखवी, आणि परत अंथरताना माझे टोक बदली. दाराकडचा भाग खिडकीकडे जाई आणि खिडकीकडचा दाराकडे, म्हणजे उन्हाने आणि पायांनी मी एकाच बाजूला झिजू नये. तिने हे कोणाला शिकवले नाही, कारण कोणी विचारले नाही. वकील गेले, घर विकले गेले, आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो.

त्या दुकानात आम्ही अकरा गालिचे एकावर एक पडलो होतो. माझ्या वर एक अरुंद, लांब गालिचा होता. शेगडीतला निखारा पडून तो एका जागी जळाला होता. एका सकाळी दुकानदाराने त्याला काउंटरवर पसरले, जळका भाग बाजूला टाकला आणि उरलेल्याचे सहा चौकोन कापले. दुपारपर्यंत त्याच्या सहा उशा होऊन काचेत मांडल्या गेल्या. मला तिथून त्या दिसत. एका उशीवर त्याचे अर्धे फूल होते आणि दुसरीवर उरलेले अर्धे.

"हाही पावसाळ्याआधी गेला नाही, तर ह्याच्याही उशा," दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून एका गिऱ्हाइकाला म्हणाला. त्यानंतर दार वाजले की मी जीव मुठीत धरून बघत असे.

आणि एके दिवशी जी बाई आत आली, तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि पिशवीतून कात्रीची मूठ डोकावत होती. मी मनात म्हटले, संपले.

ती शाळेचे गणवेश शिवणारी होती. तिने माझ्या कमळाकडे पाहिलेही नाही. सरळ कोपरा धरून मला उलटे केले.

"अहो बाई, तोंड तर बघा आधी," दुकानदार म्हणाला.

"तोंड मागाहून बघते. शिवणीतली लबाडी पाठीमागेच असते."

तिने पाठीवरच्या गाठी बोटाने चाचपल्या. रुमाल ओला करून लाल भागावर घासला आणि रुमालाला रंग लागला का ते पाहिले. लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी बघितले, कारण विरलेल्या जागी शाई फासून ती झाकण्याची काही दुकानदारांना सवय असते. नाक लावून ओलसर वास येतो का पाहिले. शेवटी दुकानदाराला एक टोक धरायला लावून मला उजेडासमोर उभे केले, कुठे भोके चमकतात का ते पाहायला. इतक्या वर्षांत माझी एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

मग तिचे बोट पानाभोवतीच्या काळ्या रेघेवर थांबले. तिथली लोकर झिजून खाली बसली होती. म्हाताऱ्याचे लोखंड आपले काम करत होते.

"हे काय? कुरतडलंय?"

"कुरतडलेलं नाही, झिजलेलं आहे. जुना काळा असाच खाली बसतो. खऱ्या मालाची खूण आहे ती."

"तुम्ही खूण म्हणा. मी खड्डाच म्हणणार, आणि भावही खड्ड्याचाच देणार."

बराच वेळ घासाघीस होऊन मी तिचा झालो. मला न्यायला तिचा नवरा आला. तो गोठवलेल्या मटारांच्या कारखान्यात बांधणी विभागाचा मुकादम होता. त्याने येताना प्लास्टिकचा रोल आणला होता, आणि दुकानदार दोरी आणेपर्यंत त्याने मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर हाताने थोपटलेसुद्धा.

"सवय हो," बाई दुकानदाराला म्हणाली. "घरात डबा उघडा दिसला तर ह्यांना झोप येत नाही. आम्ही ह्यांना सीलबंद म्हणतो."

"हवा लागली की माल गेला," सीलबंद गंभीरपणे म्हणाले. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

मला घेतले होते ते अप्पांसाठी. अप्पा म्हणजे सीलबंदांचे वडील. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती, आणि आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. खोलीतली फरशी त्यांच्या पायांना गार लागे, म्हणून सुनेने गालिचा आणला, एवढेच. पण पहिल्याच सकाळी अप्पा खुर्चीतून उठले, अनवाणी दोन पावले चालले आणि थबकले. त्यांनी अंगठा माझ्या कडेवरून सावकाश फिरवला.

"सूनबाई, हे कोरलंय का?"

"कोरतील कसं, अप्पा? विणलंय."

"मग हे पान मला लागतंय कसं पायाला?"

जी काळी रेघ दुकानात माझे उणे ठरली होती, ती खाली बसल्यामुळे पान वर उठून आले होते, आणि घड्याळातले केसाएवढे स्प्रिंग हाताळलेल्या माणसाला ते पायाने वाचता येत होते. आठवडाभरात अप्पांनी मला पाठ केले. खुर्चीपासून कडेने सात पाने गेली की दार. दुसऱ्या बाजूने चार पाने गेली की खिडकी, आणि खिडकीत पाण्याचा तांब्या. कमळाची पाकळी टाचेखाली आली की उजव्या हाताला त्यांचे कपाट. ते मला तबकडी म्हणत. "सातावर दार," असे पुटपुटत ते कोणाचा हात न धरता चालत, तेव्हा माझ्या अंगातली भीती थोडा वेळ विसावत असे.

पण त्या कपाटाखाली माझे एक टोक होते.

कपाट सागवानी होते, आणि अप्पांच्या हत्यारांनी भरलेले, त्यामुळे सहजासहजी हलेना असे जड. सुनेचा बेत दर तीन महिन्यांनी मला उलटून झाडायचा होता. आधी गणवेशांचा हंगाम आला. मग मशीन बिघडले. मग ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नक्की." दीड वर्ष गेले. जिने दुकानात माझी पाठ आधी पाहिली, तीच घरी आणल्यावर फक्त माझे तोंड झाडत होती. मी तिला दोष देत नाही. तुमच्या घरातही झाडू कपाटापाशी येऊन मागे वळतो की नाही ते आठवून बघा.

कपाटाच्या बाजूच्या खुंटीला अप्पांचा लोकरी कोट कित्येक वर्षे लटकत होता. एका दुपारी त्यातून एक पाखरू निघाले. तिळापेक्षा थोडे मोठे, फिकट सोनेरी, उडण्यापेक्षा पळणारे. ते उजेड टाळत कपाटाखाली शिरले आणि माझ्या लवेच्या मुळाशी, जिथे धूळ साचली होती, तिथे काही बारीक ठिपके ठेवून गेले. त्या पाखराला कसर म्हणतात. पाखरू स्वतः काही खात नाही, खाते ती त्याची अळी. थोड्या दिवसांनी माझ्या अंगात, काळ्या रेघेशेजारी, काहीतरी हलले.

मला जे वाटले ते कसे सांगू? आपल्या अंगात कोणीतरी राहायला आले आहे, ते जेवायला बसले आहे, आणि जेवण आपण आहोत. वर अप्पा पाने मोजत चालत होते. मी त्यांच्या तळपायाला कितीतरी सांगत असे, कपाट हलवा, खाली बघा. त्यांचा पाय फक्त पान वाचत असे.

त्याच सुमारास खिडकीकडचा माझा कोपरा थोडा दुमडून वर आला. त्यात अंगठा अडकून अप्पा पडले. मनगट मुरगळले, बाकी काही झाले नाही. पण डॉक्टर आले, त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "कमी दिसणाऱ्यांच्या खोलीत गालिचे नकोत. उचला हा."

सीलबंदांना एवढे पुरे होते. सून गणवेश पोचवायला गेली असताना त्यांनी शेजाऱ्याच्या मदतीने कपाट ओढले. मला वाटले, आता दिसेल. आता ह्यांना दिसेलच. पण ते घाईत होते, आणि चांगले काम करण्याच्या उत्साहात होते. त्यांनी मला ओल्या फडक्याने वरून स्वच्छ पुसले. वाळायची वाट पाहिली नाही. तोंड आत ठेवून घट्ट गुंडाळले. कारखान्यातून आणलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले, धूळ खेचायचे यंत्र लावून हवा काढली आणि गरम पट्टीने पिशवीचे तोंड चिकटवून टाकले.

"सांगू नका कुणाला," ते शेजाऱ्याला म्हणाले, "पण आता हा शंभर वर्षं हलत नाही. मटार बघा आमचे, वर्षानंतर उघडले तरी हिरवेगार."

मग त्यांनी मला कपाटामागे उभा केला. लोकर, अंधार, ऊब, ओल, आणि आत ती कसर.

मित्रांनो, त्या चार महिन्यांबद्दल मी फार बोलणार नाही. कसर खाताना आवाज होत नाही. एक गाठ होती, ती नसते, एवढेच कळते. थोरलीने सांगितलेली, धाकटीने मारलेली एकेक गाठ मला ठाऊक होती. दोन लाल, एक काळा. मी ती ओळ मनात म्हणत असे, आणि मध्येच एका ठिकाणी उत्तर येत नसे. अळ्यांची पाखरे झाली, पाखरांनी पुन्हा ठिपके ठेवले. उभे राहून राहून माझे धागे एका बाजूला ओढले जात होते. ओलीचा आंबट वास माझ्याच अंगाला येऊ लागला.

पण त्याहून भयंकर ते होते, जे मला पिशवीतून ऐकू येत होते. मला उचलले त्या दिवशी अप्पा खुर्चीतून उठले, पाऊल टाकले आणि थांबले. फरशी सगळीकडे सारखीच गुळगुळीत होती.

"अरे, तबकडीवरचे आकडे कोणी पुसले?" ते हसत म्हणाले.

"अप्पा, आता हाक मारायची, मी आहे ना," मुलगा म्हणाला.

पहिले काही दिवस अप्पा हाक मारत. कोणी यायला वेळ लागला की भिंत धरून स्वतः जात. एकदा ते दाराऐवजी कपाटावर आदळले, माझ्या इतक्या जवळ की प्लास्टिक थरथरले. त्यानंतर पावले कमी झाली. मग फक्त खुर्चीची करकर ऐकू येऊ लागली. मग तीही थांबली. बाहेर चालणे संपत होते आणि आत वेल संपत होती, आणि दोन्हीची गती मला सारखीच वाटत होती.

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी अप्पांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. दारापाशी हळू आवाजात ते म्हणाले, "पाय वापरात नाहीत. असेच महिनाभर बसून राहिले, तर पुढे उभं करणं अवघड जाईल. मग अंथरूणच."

ते गेल्यावर सून म्हणाली, "अहो, तो गालिचा काढा."

"आणि परत पडले तर?"

"पडायला आधी उभं राहावं लागतं. उभे तरी राहतायत का आता?"

रविवारी सकाळी सीलबंदांनी मला खोलीच्या मध्यात आडवे केले. अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले. पायांतले मोजे त्यांनी आधीच काढून ठेवले होते. ते मी पिशवीतून पाहिले, आणि आत काय उरले आहे ते फक्त मला ठाऊक होते.

सुनेने कात्रीने पिशवी कापली. वास बाहेर आला. मग पाखरे बाहेर आली. पाच, दहा, फिकट सोनेरी, फरशीवरून कोपऱ्यांकडे पळाली. मला उलगडले तेव्हा वाळूसारखी घाण आणि लाल लोकरीचा भुगा सांडला. ती दोघे नुसती बघत राहिली.

"काय झालं?" अप्पा म्हणाले. "बोला कुणीतरी. मला दिसत नाही म्हणून गप्प बसू नका."

"अप्पा, कसर लागलीय," सून म्हणाली.

"पण मी हवा काढली होती," सीलबंद म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी सगळी हवा काढली होती." मग थोडे सावरून ते म्हणाले, "मधला भाग बरा दिसतोय. तेवढा कापून घे. बाकीचं जाळून टाकू, नाहीतर कपड्यांना लागेल."

सुनेच्या हातात कात्री होतीच. त्या क्षणी मला काचेतल्या सहा उशा दिसल्या. अर्धे फूल एकीकडे, अर्धे दुसरीकडे. ती गुडघ्यांवर बसली, तिने कात्री माझ्या कमळाशेजारी टेकवली, आणि म्हणाली, "थांबा. आधी दाराकडची पानं किती उरलीत ती बघते."

सातांपैकी चार होती. पाचवे, सहावे आणि सातवे गेले होते. त्या जागी लव नव्हती, नुसते सुताचे धागे होते. खिडकीकडची चारही पाने विरळ पण जागेवर होती.

"चार," तिने सांगितले.

"म्हणजे दारापर्यंत पोचत नाही मी," अप्पा म्हणाले, आणि मोजे हातात घेऊन बसले. घातले नाहीत.

दुपारी तिने रफूवाल्या मावशींना आणले. मावशी शाली आणि गालिचे दुरुस्त करत. वयाने साठीच्या पुढच्या, जाड चष्म्याच्या, आणि तोंडाने फटकळ. त्यांनी मला उन्हात उलटा घातला, पोटावर आडव्या झाल्या आणि बॅटरी लावून पाठीचा एकेक वीत भाग पाहिला.

"कुणी बांधला होता?"

सीलबंदांनी हात वर केला.

"बांधणी झकास आहे. चोराला आत ठेवून कुलूप लावलंत, आणि वर त्याच्या पाण्याची सोयही केलीत. ओला होता ना?"

"पुसला होता जरा. पण हवा नव्हती आत."

"ह्या अळीला हवा लागून लागून लागणार किती? तुमच्या यंत्रानं काढून उरली तेवढीत तिचं लग्न झालं, बाळंतपण झालं." मग मावशी उठून बसल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "काम कुठे करता?"

"मटारांच्या कारखान्यात. बांधणीत."

"तिथे मटार नुसते बांधून फळीवर ठेवता?"

"छे, गोठवतो ना. उणे अठराला ठेवतो."

"मग ह्याला कपाटामागे उबेत का ठेवलात?"

आयुष्यभर जे काम सीलबंद दोन टप्प्यांत करत आले होते, त्यातला एकच टप्पा त्यांनी घरी केला होता. मावशींनी मग नीट समजावून सांगितले. आधी दोन्ही बाजूंनी कोरडे झाडायचे. उन्हात पूर्ण वाळवायचे. मग पुन्हा बांधायचे आणि दोन आठवडे गोठवायचे. बाहेर काढल्यावर खोलीइतके कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गालिच्यावर दव धरते.

"साहेबांना विचारावं लागेल," सीलबंद म्हणाले. "मटारांत गालिचा ठेवू देणार नाहीत. पण मागे जुनी पेटी आहे एक, माल ठेवत नाहीत आता तिच्यात."

मला हे सगळे ऐकू येत होते, तरी तिसऱ्या दिवशी जेव्हा प्लास्टिकची पिशवी पुन्हा समोर आली, तेव्हा मला काहीही आठवले नाही. फक्त तो आवाज आला, यंत्राचा, आणि गरम पट्टीचा वास. तेच हात, तीच पिशवी, तोच अंधार. ह्या खेपेस सीलबंदांनी थोपटले नाही. त्यांनी पिशवीवर तारीख लिहिली आणि हात ठेवला, इतकेच.

गारठा असा मी कधी अनुभवला नव्हता. आधी माझ्या दशा, म्हणजे टोकांचे मोकळे धागे, ताठ झाले. मग लव. मग आतल्या चुळबुळीला वेग आला, जणू त्यांनाही भीती कळली होती. मग ती मंदावली. मग एका जागी थांबली, दुसऱ्या जागी थांबली. मी वाट पाहत होतो ती शांततेची. पण शांतता आली तेव्हा मला तिचीही भीती वाटली. ती मेल्याची शांतता होती, पण त्या मेल्या की मी, हे मला नक्की सांगता येत नव्हते.

चौदा दिवसांनी मला घरी आणले. सीलबंदांनी दिवसभर पिशवीला हात लावू दिला नाही. दर तासाला ते बाहेरून हात लावून बघत, आणि अप्पा विचारत, "शिजला का?"

मावशींनी दोन महिने दुपारी येऊन मला दुरुस्त केले. गेलेल्या जागी नवे उभे धागे ओवले आणि लाल-निळ्या लोकरीच्या गाठी मारल्या. सून शेजारी बसून शिकली. नकळत त्यांचेही तेच सुरू झाले, एकीने रंग सांगायचा, दुसरीने गाठ मारायची. दोन लाल, एक काळा. कित्येक वर्षांनी मला ती ओळ पुन्हा बाहेरून ऐकू आली.

लव सारखी कापायची वेळ आली, तेव्हा मावशींनी विचारले, "काळा बाकीच्याइतकाच उंच ठेवू ना? दिसायला नीट दिसेल."

"नको," सून म्हणाली. "काळा बुटका हवा. दिसायचं कुणाला आहे?"

तिने स्वतःची कात्री घेतली आणि प्रत्येक नव्या पानाभोवतीची काळी रेघ, श्वास रोखून, मुळापाशी कापली. मीही श्वास रोखला होता. कात्रीची भीती माझी गेली नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी ती कुठे थांबणार आहे हे मला ठाऊक होते.

मग माझ्याखाली रबराची जाळी अंथरली, म्हणजे मी सरकू नये. दुमडलेला कोपरा वाफेने सपाट करून, पाठीला पट्टी शिवून पक्का केला. माझे टोक कपाटाखाली गेले नाही. कपाटच भिंतीकडे ढकलले. कोट उन्हात झटकून, धुऊन, कोणाला तरी दिला गेला.

अप्पा उठले तेव्हा सीलबंद दोन्ही हात पुढे करून उभे होते, पण त्यांना हात लावायची मनाई होती. अप्पांचे पाय थरथरत होते. त्यांचा अंगठा कडेवर आला. एक. दोन. तीन. चार. ते थांबले. त्यांना आठवत होते की ह्यापुढे काही नाही. मी माझ्या नव्या पानाला जेवढे वर उठता येईल तेवढे उठ म्हणत होतो. अंगठा पुढे सरकला, चाचपला, थांबला.

"हे पान नवं आहे," अप्पा म्हणाले.

"कसं कळलं?" सून म्हणाली.

"जुनं दमलेलं असतं. हे अजून ताठ्यात आहे." आणि ते पुढे गेले. सहा. सात. त्यांचा हात दाराच्या चौकटीला लागला. तो त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला उलटतात. आमचे सीलबंद मुकादम पोटावर आडवे होऊन, बॅटरी लावून, माझी पाठ बघतात, आणि अप्पा वरून विचारतात, "माल कसा आहे?" वर्षातून दोनदा माझे टोक बदलते, आणि मग अप्पा आठवडाभर नवी तबकडी शिकतात.

मित्रांनो, जुना गालिचा घ्यायला गेलात, तर त्या बाईसारखी आधी पाठ बघा. आणि घरी आणलात, तर नंतरही बघत राहा. माझे तोंड झाडले की माझी काळजी घेतली असे होत नाही. आणि मला फार जपून, बांधून, अंधारात ठेवू नका. मला उजेड, वारा आणि माणसाचे पाय लागतात. मला विसरणारे हात जेवढे घातक असतात, तेवढेच न बघता जपणारेही असतात.

मी भित्रा आहे हे मी आधीच सांगितले आहे, म्हणून आणखी एक सांगतो. कालपासून माझ्या पाठीत, खिडकीच्या बाजूला, काहीतरी हलल्यासारखे वाटते आहे. कदाचित धूळ असेल. कदाचित नवी लोकर अंग सैल करत असेल. मला वळून बघता येत नाही. अप्पा आत्ताच माझ्यावरून सात पाने चालत दारापर्यंत गेले, आणि त्यांच्या तळपायाला मी काही सांगू शकलो नाही. माझा रविवार अजून चार दिवस लांब आहे. तुमचा गालिचा तुमच्या पायाखालीच आहे. वाका, आणि त्याचा एक कोपरा उचला.